निवटीचं एकच वाक्य

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही चित्र काढायला बसला आहात. खाडी काढली, चिखल काढला, चिखलात एका पायावर उभा असलेला गुलाबी फ्लेमिंगो काढला. तेवढ्यात मागून एक हात येतो आणि त्या पक्ष्याला मिशा काढतो. तुम्ही खोडरबर शोधताय तोवर दुसरा हात त्याच्या गळ्यात टाय बांधतो. तिसरा हात पक्षीच पुसून टाकतो आणि तिथे एक डंपर काढतो. चौथा हात खाली ठळक अक्षरांत लिहितो, ‘पाहुण्यांनी आपल्या गाड्या गेटबाहेर लावाव्यात’. आणि हे सगळे हात परक्यांचे नाहीत बरं का; जिन्यात भेटल्यावर तुम्ही ज्यांना ‘काका, नमस्कार’ म्हणता, त्यांचेच आहेत.

झाली कल्पना? मग आपल्या वामन सरांचं काय झालं ते तुम्हाला नीट कळेल.

वामन सर घणसोलीच्या ‘तिवरछाया’ सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहत. शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी लिफ्टमध्ये भेटलेल्या मुलाला सतराचा पाढा विचारायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यामुळे तिवरछायातली मुलं लिफ्ट सोडून जिन्यानं येजा करत आणि अंगानं काटक होती.

दर सव्वीस जानेवारीला सोसायटीत सकाळी झेंडावंदन, दुपारी सत्यनारायण आणि संध्याकाळी मुलांचे कार्यक्रम असत. कार्यक्रम म्हणजे सिनेमाच्या गाण्यांवर नाच. यंदा सरांनी ठरवलं, आपण नाटक लिहायचं. छोटंसं, मागच्या खाडीवरचं. फ्लेमिंगोचं पिल्लू वाट चुकतं, ओहोटीच्या चिखलात अडकतं. राडारोडा टाकायला आलेला एक दुष्ट डंपर त्याला घाबरवतो. खारफुटीचं, म्हणजे तिवराचं झाड त्याला सावली देतं. आणि शेवटी चिखलातून टुणकन उडी मारत एक निवटी येते. निवटी म्हणजे चिखलावर सरपटणारा, बटबटीत डोळ्यांचा इवलासा मासा. ती पिल्लाला धीर देते, भरती येते, नाटक संपतं.

निवटीला एकच वाक्य होतं. पण खरं सांगायचं, तर सगळं नाटक सरांनी त्या एका वाक्यासाठी लिहिलं होतं.

कारण निवटी होणार होती जाई. तळमजल्यावरच्या बायजाबाईंची नात. बायजाबाई मूळच्या शेजारच्या गावठाणातल्या. तिवरछाया उभी राहिली ती जमीन एके काळी त्यांच्याच घरची होती, आणि हे त्या सोसायटीच्या प्रत्येक सभेत एकदा तरी सांगत. जाई घरी आजीसारखं बोलायची. शाळेत मुलं त्यावर हसली. एकदा हसली, पुन्हा हसली, आणि मग जाईनं चारचौघांत बोलणंच सोडून दिलं. बाईंनी विचारलं की मान हलवायची. दुकानात गेली की बोटानं दाखवायची.

सरांनी तिला पंपरूमच्या पायरीवर बसवून वाक्य शिकवलं. तिच्याच बोलीतलं. “खाडीतली निवटी खाडीतल्यासारखंच बोलणार,” सर म्हणाले. पहिल्या दिवशी जाईचे नुसते ओठ हलले. मग कुजबुज आली. मग एका दुपारी पंप बंद असताना तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला,

“भिऊ नको. पानी येईस्तवर मी इथंच हाय.”

सरांना वर्गात पहिला आलेल्या कुठल्याच मुलानं एवढा आनंद दिला नव्हता. जाईनं मात्र काळजीनं विचारलं, “माजा वाक्य कोन कारनार नाय ना?”

“कोण काढणार? नाटक माझं आहे,” सर म्हणाले.

हे वाक्य लक्षात ठेवा, बाळांनो. सरांना ते पुढे फार आठवत राहिलं.

आता संकट कुठून आलं? तर ते आलं सरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावर त्यांच्या मुलानं, अभयनं, जर्मनीला जायच्या आधी लिखाणाचा एक चांगला, विकतचा प्रोग्राम घालून दिला होता. तो प्रोग्राम बिचारा कधी काही बोलला नाही. आणि ऐन नाटक लिहून होत आलं असताना एका सकाळी त्यानं वरती पिवळी पट्टी लावली, की तुमची मुदत संपली आहे. वाचा हवं तेवढं. लिहिता येणार नाही. म्हणजे घर आपलं, स्वयंपाकघर आपलं, पण चूल पेटवायची नाही.

सर सल्ला विचारायला सातव्या मजल्यावरच्या केयूरकडे गेले. केयूर कॉम्प्युटरवालाच. शिवाय त्याचा अभिराम नाटकात डंपर होता.

“सर, विकत? आजच्या जमान्यात?” केयूरला एवढं वाईट वाटलं, की सरांनाच त्याचं सांत्वन करावंसं वाटलं. “सगळं नेटवर फुकट आहे. टेन्शन नका घेऊ. बसा, दोन मिनिटांत करून देतो.”

बायजाबाई खाली कट्ट्यावर बसल्या होत्या. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, “फुकट? कशाला ओ देतान ते फुकट? त्यांचा काय लगीन हाय?”

सरांनी दुर्लक्ष केलं. ती त्यांची पहिली चूक.

केयूरनं सरांची फाइल नेटवर चढवली आणि नाटक नाहीसं झालं. पानं होती, पण पानांवर भलतंच काहीतरी होतं. सर आपले जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करणारे; त्या फुकटच्या प्रोग्रामला तो फॉन्ट ठाऊकच नव्हता. त्यानं फ्लेमिंगोच्या तोंडी डॉलरची चिन्हं, उलटे स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिली. तिवराचं झाड तर नुसत्या प्रश्नचिन्हांत बोलत होतं.

“नवं लिहायला लागेल, सर. पण लिहायचं कशाला? बोला! तुम्ही बोलाल ते आपोआप टाइप होतं,” केयूर म्हणाला.

सर बोलले. दुपारभर आपल्या घरी माइकपुढे बसून त्यांनी पिल्लू केलं, डंपर केला, झाड केलं. आवाज बसला. त्याच वेळी स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी सुचित्राबाई त्यांच्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या, आणि त्या प्रोग्रामची श्रवणशक्ती फार चांगली होती. त्यामुळे पिल्लाचा विलाप असा उमटला, ‘आई, मी वाट चुकलो. आता मी कुणाला हाक मारू? अहो, दूध उतू गेलं, गॅस बंद करा. हे आकाशा, मला मार्ग दाखव.’

सरांना ते दिसलं नाही. फिरायला जाताना ते चष्मा लावून गेले, आणि घरी येऊन तपासायला बसले ते चष्मा काढून. असो.

मग केयूरनं महत्त्वाचा प्रश्न विचारला. “लिंक ग्रुपवर टाकतो. सगळ्यांना काय ठेवू सर, फक्त बघणारे की बदल करणारे?”

सरांनी मास्तरकीच्या पद्धतीनं विचार केला. बघणारे म्हणजे प्रेक्षक. आपली मुलं काय नुसती बघणार आहेत? ती तर काम करणार आहेत.

“बदल करणारे ठेव,” सर म्हणाले.

ती दुसरी चूक. आणि यानंतर चुका मोजण्यात अर्थ उरला नाही.

पहिले दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी सर चहा घेऊन फाइल उघडून बसले, तर कागदावर रंगीबेरंगी काड्या सरपटत होत्या. प्रत्येक काडीच्या डोक्यावर नाव. सरांच्या डोळ्यांदेखत डंपरच्या ‘बाजूला हो!’ या दोन शब्दांच्या वाक्याला शेपूट फुटत चाललं होतं, ‘...पण थांब, पिल्ला! माझ्याही आत एक हळवं इंजिन आहे...’

“सुचित्रा! डंपर आपणहून बोलतोय!”

सुचित्राबाई हात पुसत आल्या. त्यांनी वरच्या कोपऱ्यात बघितलं. “अहो, इथे कोल्हा लिहिलंय. आणि मगर. तुमच्या नाटकात मगर कधी आली?”

“मगर नाहीये नाटकात.”

“आत्ता आली बघा. आणि हे काय, पाणघोडा.”

ज्यांनी आपलं नाव न देता फाइल उघडली होती, त्यांना तो प्रोग्राम एकेका प्राण्याचं नाव देत होता. हे सरांना फार उशिरा कळलं. तोवर त्यांनी ग्रुपवर एक लांबलचक निवेदन टाकलं होतं, की नाटकात पाणघोड्याची भूमिका नाही, तरी कुणी पोशाख शिवायला टाकला असल्यास थांबवावा.

पुढच्या आठवड्यात नाटक झपाट्यानं वाढलं. मनस्वी फ्लेमिंगो होती. तिची आई ऋता हिनं पिल्लाला भरतनाट्यम शिकवलं. केयूरनं डंपरचं हृदयपरिवर्तन करून त्याला एक रॅप दिला. तिवराच्या झाडाला इंग्रजीत स्वगत आलं, कारण झाडाच्या आईचं म्हणणं, इंग्रजी शाळेची एवढी फी भरतो तर ऐकू यायला नको का? आणि सोसायटीचे सेक्रेटरी दिलीपराव यांनी चिखलात अडकून मरायला टेकलेल्या पिल्लाच्या तोंडी पार्किंगचे नियम घातले. “नोटीस कोणी वाचत नाही हो सर,” ते म्हणाले. “तुमचं नाटक तरी ऐकतील.”

सर रोज चहानंतर सगळं सोडून आधी शेवटच्या पानावर जात. निवटीचं वाक्य आहे ना?

एके दिवशी ते ‘घाबरू नकोस, पाणी येईपर्यंत मी येथेच आहे’ असं झालेलं होतं. सरांनी ऋताला फोन केला.

“मीच केलं सर,” ऋता अभिमानानं म्हणाली. “स्टेजवर शुद्ध बोलायला हवं ना. कॉम्प्युटर शब्दांखाली लाल लाल रेघा मारत होता हो!”

“ऋता, ती निवटी आहे.”

“असू दे ना सर. संस्कार नकोत?”

सरांनी वाक्य पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी ते इंग्रजीत गेलेलं होतं. पुन्हा पूर्ववत केलं. मग ते रॅपच्या मध्ये सापडलं. मग एकदा पार्किंगच्या नियमांत, ‘पाणी येईपर्यंत गाड्या धुऊ नयेत’ याच्या वर. सर ते बोटाला धरून घरी आणल्यासारखं परत शेवटच्या पानावर आणून ठेवत.

शेवटी त्यांनी केयूरला गाठलं. केयूर ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला होता. “फाइलला कुलूप लाव बाबा,” सर म्हणाले.

“लावलं असतं सर, पण मीटिंगमध्ये आहे. आल्यावर बघू.”

“मीच लावतो मग. कसं लावायचं सांग.”

“तुम्हाला नाही लावता येणार. फाइल माझ्या अकाउंटवर आहे ना. तुम्ही पण बदल करणारेच आहात, सगळ्यांसारखे.”

सरांनी फोन ठेवला. स्वतःच्या नाटकात ते पाहुणे होते. आणि पाहुण्यांनी गाड्या कुठे लावाव्यात ते तर नाटकातच लिहिलेलं होतं.

फुकटाचा नाद सोडायचा आणि विकतच घ्यायचं, असं ठरवून सर तुर्भ्याला कॉम्प्युटरच्या एका गाळ्यात गेले. गाळेवाल्यानं त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं. “काका, आता डबा नाय मिळत. सीडीबिडी गेलं सगळं. आता हे पण नेटवरूनच. पैसे भरा, अकाउंट उघडा, ओटीपी सांगा.”

अकाउंट अभयच्या नावावर होतं. ओटीपी जर्मनीत अभयच्या फोनवर गेला. अभय कामात होता. त्यानं ओटीपी पाठवला तेव्हा त्याची मुदत संपली होती. दुसरा पाठवला. तो आला तेव्हा गाळ्यातली वीज गेली होती. तिसऱ्यांदा अभयचा फोनच आला, “बाबा, कुणी तुम्हाला फसवतंय का? तिथून आधी बाहेर पडा.” हे गाळेवाल्यानं ऐकलं आणि तोही दुखावला. त्याला समजावून, चहा पाजून, सगळं एकदाचं विकत घेऊन सर घरी आले. कॉम्प्युटर चालू केला. प्रोग्रामनं आत पाऊल टाकलं, इकडेतिकडे बघितलं आणि सांगितलं, की तुमचं मशीन फार जुनं आहे, मला इथे राहता येणार नाही.

“मला तरी कुठे राहता येतंय,” सर म्हणाले. हे त्यांनी कॉम्प्युटरला सांगितलं. सुचित्राबाईंनी गपचूप त्यांच्यापुढे खिचडी ठेवली.

एक उपाय उरला होता, छापील प्रती. सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरसाठी दिलीपरावांनी अर्ज मागितला, अर्जावर कमिटीची सही मागितली, आणि कमिटीत ते एकटेच हजर असल्यानं स्वतःच विचार करून सही दिली. पानं बाहेर आली. सर गरम गरम प्रती घेऊन तालमीला गेले, तर ऋतानं त्या चाळून परत दिल्या. “सर, हे जुनं व्हर्जन आहे. यात मनस्वीचा स्वप्नातला सीन कुठेय?”

“किती जुनं?”

“झाली असतील दहा-पंधरा मिनिटं.”

आता नाटक सत्यनारायणाच्या कथेपेक्षा लांब झालं होतं, आणि महाप्रसादाचा आचारी थांबायला तयार नव्हता. दिलीपरावांनी ग्रुपवर फर्मान काढलं, नाटक अर्ध्यावर आणा. मग कापाकापी सुरू झाली. प्रत्येकानं दुसऱ्याच्या मुलाचं कापलं आणि स्वतःच्या मुलाजवळ पहारा दिला. डंपरजवळ केयूर बंगळुरूहून जागता होता. पिल्लाजवळ ऋता होती. झाडाजवळ झाडाची आई, आजी आणि दुबईची मावशी होती. बायजाबाईंकडे बटणांचा फोन. त्यांनी ती फाइल जन्मात पाहिली नव्हती. निवटीजवळ पहाऱ्याला वामन सर एकटेच, आणि सरांना कधीतरी अंघोळ करावीच लागे.

वाक्य रोज जायचं. सर रोज आणून ठेवायचे. पायरीवर जाई रोज विचारायची, “हाय ना?” आणि सर म्हणायचे, “आहे.”

सव्वीस जानेवारी उजाडला. झेंडा वर गेला, कथा झाली, संध्याकाळी हॉल भरला. पडद्याआड प्रॉम्प्टिंगला ऋता, हातात टॅबलेट, टॅबलेटमध्ये फाइल. सर विंगेत उभे. जाई त्यांच्या शेजारी, राखाडी बनियन, पुठ्ठ्याचे बटबटीत डोळे. तिनं सरांची शर्टाची कड धरलेली होती. बायजाबाई पहिल्या रांगेत, नवं नऊवारी नेसून.

पडदा उघडला. आणि सरांना तिसऱ्या रांगेत केयूर दिसला. तो सकाळीच बंगळुरूहून आला होता. त्याची मान खाली होती आणि दोन्ही अंगठे चालू होते.

सरांना क्षणभर वाटलं, कुणाला निरोप लिहीत असेल. मग स्टेजवर अभिराम डंपर बोलायचा थांबला, पडद्याकडे कान देऊन त्यानं नवीन वाक्य ऐकलं आणि ते जोरात म्हटलं. तिसरी रांग हसली. केयूरनं अंगठा वर केला. त्याबरोबर झाडाच्या आईनं पर्समधून फोन काढला. दुबईची मावशी तर तिथूनच बघत होती. पाचव्या रांगेत दिलीपराव चष्मा कपाळावर चढवून टाइप करायला लागले.

बाळांनो, नाटक चालू होतं आणि लिहिलं जात होतं! ऋताच्या हातातला कागद जिवंत होता. ती एक ओळ वाचायची, तोवर ती ओळ दुसरीकडे गेलेली असायची. “आई, मी वाट चुकलो,” मनस्वी आर्ततेनं म्हणाली, “आता मी कुणाला हाक मारू? अहो, दूध उतू गेलं, गॅस बंद करा.” हॉल हसून लोळला. तिनं ते मनापासून पाठ केलं होतं. सगळे का हसतात ते तिला कळेना. पाठोपाठ डंपरचं हृदय बदललं, मग कुणीतरी बदललेलं हृदय खोडल्यामुळे तो पुन्हा दुष्ट झाला, आणि बाप पुन्हा टाइप करू लागल्यावर पुन्हा रडला. झाडानं इंग्रजीत सावली दिली. पिल्लानं पार्किंगचे नियम सांगितले आणि त्याला टाळ्या पडल्या.

सर हळूच ऋताच्या मागे जाऊन टॅबलेटमध्ये डोकावले. शेवटचं पान. भरती येते. पडदा पडतो.

वाक्य नव्हतं.

“ऋता, निवटी,” सर म्हणाले.

“नाहीये सर इथे.”

“अगं, असू दे नसू दे, तिला जाऊ दे!”

“सर प्लीज, आधीच गोंधळ झालाय!” ऋता रडवेली झाली होती. तेवढ्यात जाई आपली खूण ओळखून पुढे सरकली. तिचा एक पाय स्टेजवर पडलाही. ऋतानं घाईनं हात आडवा केला. “जाई, मागे हो बाळा, तुझं नाहीये काही. कट झालं.”

जाई थांबली. पुठ्ठ्याच्या डोळ्यांखालून तिनं सरांकडे पाहिलं.

टॅबलेटवर एक गोल चकती फिरायला लागली. हॉलमधलं नेट गेलं. स्टेजवर पिल्लू, डंपर आणि झाड एकमेकांकडे बघत उभे राहिले. पडद्याआडून काहीच येईना. खाली सगळे अंगठे थांबले आणि सगळ्या पालकांनी माना वर केल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नाटकात कुणी बदल करत नव्हतं.

सर मागे आले. विंगेत आचाऱ्याची एक बादली पालथी पडलेली होती, तिच्यावर बसले. त्यांना दम लागला नव्हता, पण दम लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. इतक्या वर्गांपुढे इतकी वर्षं उभे राहिलेले सर. आता एका लहान मुलीकडे त्यांना वर बघवेना. ‘कोण काढणार? नाटक माझं आहे.’ त्यांनी दोन्ही हातांत डोकं धरलं.

जाई त्यांच्यामागे आली. मग तिनं पुठ्ठ्याचे डोळे डोक्यावरून काढले आणि नीट भिंतीला टेकवून ठेवले. सरांच्या बादलीशेजारी खाली फरशीवर मांडी घातली. पंपरूमच्या पायरीवर बसायची तशी. सरांनी शिकवलं होतं तसा आधी श्वास घेतला, आणि शांत झालेल्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत आजीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

“भिऊ नको. पानी येईस्तवर मी इथंच हाय.”

आणि ती तिथंच बसून राहिली.